बेशरमाची काडी

आमच्या भंडाऱ्याकडे निलाजऱ्या माणसाला वेगळी शिवी द्यावी लागत नाही. तळ्याच्या काठाकडे बोट दाखवलं की भागतं. तिथं बेशरम उभं असतं.

हे झुडूप मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, आपल्या रताळ्याच्याच कुळातलं. तोडा, उपटून फेका, तुडवा. काडीचं एक पेर चिखलात पडलं की तिथून नवा कोंब. गुरं सहसा तोंड लावत नाहीत. एका उन्हाळ्यात चारा संपला तेव्हा मामीच्या शेळीला त्याची चटक लागली होती. मान लटलट हलायची, पाय अडखळायचे. पाल्यात विष असतं हे तेव्हा कळलं. शेळी वाचली नाही.

कोहळी लोकांनी बांधलेली ही जुनी मालगुजारी तळी. त्यांच्या उथळ कडेला देवधान, म्हणजे न पेरता येणारं रानटी धान, उगवायचं, ऋषिपंचमीच्या उपासाला लोक तेच खायचे. आता त्या कडेला बेशरमाचं रान आहे. ढिवरांची जाळी त्यात अडकतात, फाटतात. त्यामुळे कुणी 'किती सुंदर फुलं!' म्हणालं की मी आधी गप्पच बसतो.

पण फुलं खरंच सुंदर असतात. फिकट जांभळा नरसाळा आणि आत घशाशी गडद रंग, जणू कुणी शाईचं बोट पुसलंय. भुंगा डोकं खुपसून आत शिरला की मागून फक्त त्याचं बूड दिसतं. पानाच्या देठाशी मुंग्यांची सतत ये-जा असते, कारण गोड रस तिथंही पाझरतो.

आणि काडी? आमचं अर्धं घर त्या काडीवर उभं होतं. आजी वैशाखात तळं आटलं की भारेच्या भारे तोडून आणायची, आडव्या-उभ्या काड्या विणून कूड करायची आणि वरून शेणमातीनं लिंपायची. स्वयंपाकघर आणि शेळ्यांचा गोठा यांच्यामधली भिंत तीच. वाळवी लागली की तेवढाच तुकडा काढून नवा. उरलेल्या काड्या चुलीत. शाळेत गुरुजी छडी आणायला आम्हालाच तळ्यावर पिटाळायचे. आम्ही मुद्दाम पोकळ, जून काडी आणायचो. दोन फटक्यांत मोडायची.

तीन वर्षांपूर्वी मलाही हौस आली. नागपूरच्या घरामागे वालाच्या वेलाला मांडव करायचा होता. बांबू महाग, म्हणून गावाहून ताज्या काड्या आणल्या, छान सरळ बघून रोवल्या. पंधरा दिवसांत वाल बोटभर आणि मांडव हिरवागार! मामी आली, बघून कपाळावर हात मारला. "हिरवी काडी काहून रोवली बापा? आता भोग!"

मग तिनं रीत सांगितली. पाला ओरबाडायचा, काड्या जमिनीवर नाही, पत्र्यावर टाकायच्या आणि भर उन्हात अशा वाळवायच्या की वाकवली तर कडकन मोडली पाहिजे. नुसती वाकली तर अजून जिवंत आहे. पहिला मांडव मुळासकट खणायला दोन रविवार गेले. तेव्हापासून वाळलेल्याच काड्या वापरतो. मांडव दोन हंगाम टिकतो, कारल्याचा वेलही धरतो. तोडायला मात्र गावीच जातो. लागवड कधीच नाही, कुणी कुंपणासाठी रोप मागितलं तरी नाही. (खड्ड्यांच्या निषेधात रस्त्यात बेशरम रोवतात, त्यांना मी मोठ्या मनानं माफ केलंय. तिथं बहुतेक ट्रकच बंदोबस्त करतात.)

परवा गावाहून येताना फुलांची एक फांदी तोडून आणली आणि टेबलावर बाटलीत ठेवली. फुलं दुसऱ्या दिवशीच गळाली, पण कळ्या होत्या म्हणून राहू दिली. काल बायको म्हणाली, "अहो, बाटलीत बघा जरा." पाण्यात पांढरी, केसासारखी मुळं सुटली होती.

फांदी आता गच्चीतल्या पत्र्यावर आहे. रोज संध्याकाळी जाऊन वाकवून बघतो. अजून वाकतेय.