देवाचा शिणवटा

कार्तिकी एकादशी उलटून काही दिवस झाले होते. दुपारचे जेवण आटोपून वर्तमानपत्र चाळत असताना आतल्या पानावरच्या एका लहानशा बातमीवर मी अडले. पंढरपुरात प्रक्षाळपूजा झाली, देवाच्या पायांना लिंबू-साखर चोळून ऊन पाण्याने स्नान घालण्यात आले आणि रात्री शेजारतीच्या वेळी शिणवटा जावा म्हणून वनौषधींचा काढा देण्यात आला, एवढाच तिचा मजकूर होता. शेजारच्या रकान्यात ऊसदराच्या आंदोलनाची बातमी होती आणि दोन्ही बातम्या एकाच सुरात लिहिलेल्या होत्या. देव दमला होता, त्याच्यावर उपचार झाले, आता नित्योपचार पूर्ववत सुरू झाले आहेत. यात नवल करण्यासारखे काही आहे असे वार्ताहराला वाटलेले दिसत नव्हते. खरे तर मलाही ते इतकी वर्षे वाटले नव्हते.

वारीच्या आधी मुहूर्त पाहून शेजघरातला पलंग काढतात, हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असते. भक्तांची रीघ लागलेली असताना देव झोपणार कसा? मग काकडारती नाही, शेजारती नाही, चोवीस तास दर्शन. उभे राहून पाठ अवघडेल म्हणून विठ्ठलाच्या पाठीशी लोड आणि रुक्मिणीच्या पाठीशी तक्क्या लावतात. (दोघांची सोय वेगवेगळी का, असे मनात येते खरे, पण ती दोघे राहतातही वेगवेगळ्या गाभाऱ्यांत, तेव्हा तो त्यांच्या घरातला प्रश्न आहे.) तुळजापूरची भवानी तर वर्षातून तीनदा निद्रेला जाते. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर तिला पलंगावर निजवतात आणि ती उठते ती थेट कोजागरीच्या पौर्णिमेला.

काढा उकळणाऱ्याला मूर्ती पाषाणाची आहे हे माहीत नसते, असे समजण्याचे कारण नाही. त्याच विठ्ठलमूर्तीची झीज होऊ लागली तेव्हा तिला रासायनिक लेप देण्यात आला, एकदा नव्हे, अनेकदा. २०२० साली पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी येऊन तो दिला. म्हणजे दगडाच्या झिजेवर लेप आणि देवाच्या शिणावर काढा, अशी ही चोख विभागणी आहे. झिजेवर काढा चालेल काय, असे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. दोन्ही गोष्टी एकाच गाभाऱ्यात, त्याच मूर्तीसाठी, एकाच श्रद्धेच्या माणसांकडून होतात आणि त्यांची एकमेकींशी कधी टक्कर होत नाही.

आमच्या आजीच्या स्वयंपाकघरातही अशी टक्कर कधी झाली नाही. नैवेद्य दाखवण्याआधी काहीही चाखायचे नाही, हा तिचा कडक नियम होता. आमटीत मीठ बरोबर पडले आहे की नाही हे देवानंतरच आम्हाला कळत असे. एकदा सणाच्या दिवशी ती मीठ घालायलाच विसरली होती. पहिला घास घेताच आजोबांनी भुवया उंचावल्या आणि देवाने हे कसे खाल्ले, असा प्रश्न मी विचारला. त्यावर, ‘तो कुणाच्या स्वयंपाकाला नावं ठेवत नाही,’ एवढे बोलून तिने मिठाची वाटी पुढे सरकवली. पानाखाली पाण्याचे चौकोनी मंडल काढायचे, वर तुळशीचे पान ठेवायचे, प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा म्हणत घास भरवायचे, जेवताना मध्येच पाणी द्यायचे, मग हात धुवायला पाणी, तोंड धुवायला पाणी आणि शेवटी हाताला लावायला चंदन. इतकी उत्तम सरबराई त्या घरात दुसऱ्या कोणाचीही होत नव्हती. हे सारे होईपर्यंत ती डोळे मिटून बसायची. पण त्याआधी मांजर घराबाहेर घालवून दार लावलेले असायचे. पानातला एक जरी मोदक खरोखरच नाहीसा झाला असता, तर आजीने हात जोडले नसते, फडताळामागे उंदीर शोधला असता. देव जेवतो याविषयी तिला तिळभर शंका नव्हती, आणि पानातले काही कमी होणार नाही याविषयीही नव्हती.

हे मला तेव्हा विचित्र वाटले नाही, कारण मी स्वतः त्याच वेळी ओसरीवर भातुकली मांडून बसलेली असे. चुरमुऱ्यांचा भात, गूळ-शेंगदाण्यांचे लाडू आणि रिकाम्या कपातला चहा हे सारे आम्ही पाहुण्यांना खोटेखोटे वाढत असू. आणि कोणी तो चहा न फुंकता प्यायला तर ‘भाजेल ना!’ म्हणून त्याच्यावर खऱ्याखुऱ्या आवाजात ओरडत असू. कप रिकामा आहे हे आम्हाला कळत होते, चहा गरम आहे हेही कळत होते. भांडणे मात्र खरी व्हायची. एकदा बाहुलीच्या लग्नात मानपानावरून बिनसले, तेव्हा शेजारची एक मुलगी उठली आणि म्हणाली की नवरी मी मनातल्या मनात घरी घेऊन चालले आहे, तुमच्याजवळ राहिल्या आहेत त्या नुसत्या चिंध्या. आम्ही तिच्या मागे धावलो नाही. चिंध्यांचेच लग्न लावले आणि ते नेहमीइतकेच थाटात झाले.

तेव्हा श्रद्धा हा लुटुपुटूचा खेळ आहे काय, असा प्रश्न कोणी टाकला की मी चटकन रागावू शकत नाही. आपली पूजाच पावलोपावली खेळाचे नियम सांगत असते. दागिने नसतील तर अलंकारार्थे अक्षता वाहाव्यात, वस्त्र नसेल तर कापसाचे करावे, गणपती म्हणून सुपारी मांडावी, यजमानाची पत्नी हजर नसेल तर तिच्याही जागी सुपारी ठेवावी. तुळशीच्या लग्नात अंतरपाट धरून मंगलाष्टके म्हणताना आपण कुंडीतल्या रोपाचे लग्न लावतो आहोत हे कोण विसरलेले असते? तुकोबांनी तर हे स्पष्टच सांगून ठेवले आहे : मातीचा पशुपती केला तरी पूजा शिवाला पावते आणि माती मातीत मिळते.

या खेळाचा एकदा कोणीतरी पडताळा घ्यायला गेले. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो अशी वार्ता उठली आणि दिवस मावळायच्या आत देशभर, नव्हे परदेशातल्याही देवळांसमोर, माणसे वाट्या-चमचे घेऊन उभी राहिली. दूध मूर्तीच्या पृष्ठभागाकडे आपसूक ओढले जाते, असा पृष्ठताण आणि केशाकर्षण यांचा खुलासा शास्त्रज्ञांनी केला, आणि तो बरोबरच होता. मला त्या दिवशीही वाटले होते आणि आजही वाटते की त्या रांगेत काहीतरी अश्रद्ध होते. चमचा मूर्तीच्या सोंडेला लावून दूध खाली जाते की नाही हे डोळे वटारून पाहणे, म्हणजे आजीने नैवेद्याचे पान आधी आणि नंतर तराजूत घालण्यासारखे झाले. दूध पिताना दिसलेल्या गणपतीचा उत्साह दोन दिवस टिकला. न पिणाऱ्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या दूध देत आलो आहोत.

मी स्वतः पूजा करीत नाही. तरीही घर बदलताना आजीचा बाळकृष्ण टेम्पोत गाद्या आणि कपाटांच्या मध्ये ठेवायला हात धजेना, म्हणून त्याला रुमालात गुंडाळून मांडीवर घेऊन बसले आणि खड्डा आला की हात आपोआप त्याच्या डोक्यावर जाई. पितळेला काही इजा होणार नव्हती. यावर मला कोणी छेडले तर माझ्याजवळ उत्तर नाही, आणि छेडणाऱ्याच्या घरातही असाच एखादा बाळकृष्ण निघेल अशी माझी खात्री आहे.

असल्या गोष्टी फक्त आजी आणि नाती करतात असेही नाही. आपल्या कायद्याने देवाला व्यक्ती मानलेले आहे. तो कायमचा अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, म्हणून त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी बोलायचे. १९२५ साली कलकत्त्याच्या एका घराण्यातला भाऊबंदकीचा दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे त्या काळच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत, गेला होता. पूजेची पाळी असलेल्या वारसाने कुलदैवत आपल्या घरी हलवावे की नाही, हा वादाचा मुद्दा होता. कौन्सिलच्या न्यायाधीशांनी गंभीरपणे सांगितले की कोठे राहायचे याविषयी देवाच्या इच्छेचा मान राखला पाहिजे, आणि ती इच्छा मांडण्यासाठी भांडणाऱ्यांपैकी कोणी नव्हे तर निःस्वार्थी त्रयस्थ नेमावा. त्या न्यायाधीशांइतक्या निष्ठेने भातुकली खेळलेले माझ्या पाहण्यात कोणी नाही, आणि निकाल फार शहाणपणाचा होता हेही मला मान्य आहे.

इथवर सारे गोड आहे. पण खेळ म्हटला की कोणाला घ्यायचे आणि कोणाला नाही हे ठरवणारेही आलेच, आणि ते ठरवताना कोणी हसत नव्हते. नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर २ मार्च १९३० रोजी अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. त्या वर्षीच्या रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली, माणसे रक्तबंबाळ झाली आणि तो लढा पुढे काही वर्षे चालला, तरी दार उघडले नाही. पंढरपुरात याच मागणीसाठी १ मे १९४७ रोजी साने गुरुजी उपोषणाला बसले. ज्या देवाची पाठ अवघडते म्हणून लोड लावायचा, तो गाभाऱ्यात कोणाचा हात पायाला लागल्याने बाटतो, असे म्हणणारी माणसे तीच होती, आणि या वेळी मात्र दगड दगडच आहे हे त्यांना कोणी पटवून देऊ शकत नव्हते. अखेर मंदिर सर्वांसाठी खुले झाले. त्याआधी सनातनी मंडळींनी मंत्र म्हणून मूर्तीतले देवपण काढून घागरीतल्या पाण्यात ठेवले आणि नंतर त्यांच्यातल्या काहींनी त्या मंदिराची पायरी पुन्हा चढली नाही, अशी हकीकत पंढरपुरात सांगितली जाते. ती खरी असो वा रचलेली असो, सांगणाऱ्याला ती अशक्य वाटत नाही, आणि ऐकताना मलाही वाटली नाही.