खिडकीकडचा पलंग

परवा दुपारी नागपुरात शंकरनगर चौकात सिग्नलला माझ्या शेजारी एक स्कूटर येऊन थांबली. पुढे वडील, मागे मुलगी आणि दोघांच्या मध्ये सुतळीने आवळलेली गादीची वळकटी. मुलीच्या हातात निळी बादली. बादलीत मग, नायलॉनची दोरी, हँगर आणि उलटी खोचलेली केरसुणी. बापाचं सिग्नलकडे लक्षच नव्हतं, तो मान वळवून गादीवर पडणारे पावसाचे थेंब बघत होता. अ‍ॅडमिशनच्या दिवसांत बर्डीवर, धरमपेठेत ही वरात कुठेही भेटते. हिरवा लागला, ते बजाजनगरकडे गेले, आणि माझ्या मनात आलं, हिला पलंग कोणता मिळेल?

कॉलेज कोणतं, ब्रँच कोणती, हे प्रश्न नंतरचे.

माझ्या भाचीला यंदा खोलीचा नंबर, रूममेट्सची नावं, झालंच तर खोलीचा नकाशासुद्धा मोबाइलवर आला. पोरींनी ग्रुप करून, एकमेकींचं तोंडही न पाहता, पलंग वाटून घेतले. "मावशी, कॉर्नर गेला ना माझा!" म्हणून तिचा फोन. तिची इमारतही फर्स्ट इयरची वेगळी आहे. नव्या मुलांना शक्यतो वेगळं ठेवा, असं यूजीसीचे २००९ चे रॅगिंगविरोधी नियम सांगतात. आमच्या वेळी यादी म्हणजे ऑफिसबाहेरच्या फळ्यावर लईने चिकटवलेला कागद. त्यातही ज्या ओळीत आपलं नाव, नेमकी तीच ओळ लईने ओली होऊन पसरलेली.

मुलींच्या हॉस्टेलात पुरुषांना वरच्या मजल्यावर जाऊ देत ते फक्त पहिल्या दिवशी. खोली दहा बाय बाराची. तीन लोखंडी पलंग, तीन टेबलं, दोन खुर्च्या (तिसरी कुठे गेली ते वर्ष संपेपर्यंत कळलं नाही) आणि भिंतीतलं एक कपाट. तीन बाप जमले होते. एक वणीचे, एक पुसदचे आणि आमचे बाबा आर्वीचे. "नाही नाही भाऊ, तुम्ही ठेवा ना आधी," असं तिघंही म्हणत होते आणि तिघांचाही एकेक हात खिडकीकडच्या पलंगाच्या दांडीवर होता.

वणीचे काका ओव्हरसियर. त्यांनी खिशातून टेप काढला. पलंग सहा बाय अडीच. टेबल तीन बाय दोन. दार आत उघडणार, म्हणजे तेवढा कोपरा सोडायचा. मग जे सुरू झालं ते बराच वेळ चाललं. शहाबादी फरशीवर पलंगांचे पाय करकरत होते, खालच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडत होतं, आणि ज्यांना तिथे राहायचं त्या आम्ही तिघी व्हरांड्यात एकमेकींच्या चपला न्याहाळत उभ्या. शेवटी जे काही ठरलं त्यात दार पूर्ण उघडत नव्हतं, आणि कपाटातून काही काढायचं तर पुसदच्या पलंगावर गुडघा टेकावा लागे. पण आपल्या पोरीचं बरं झालं, असं तिन्ही बापांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी खाली जाऊन एकत्र चहा घेतला.

आईला हवा-उजेडाचं काही नव्हतं. तिला दिशा हवी होती. उत्तरेकडे डोकं आलं की पाय दक्षिणेला, म्हणजे यमाकडे. सूर्य ढगात. तिने रेक्टरबाईंनाच गाठलं, "ताई, स्टेशन कोणत्या बाजूला राहिलं हो?" त्यावरून पूर्व काढली, पूर्वेवरून बाकीचं. खिडकीकडच्या पलंगाचं डोकं उत्तरेला येत होतं. तो फिरवावा तर टेबल बसेना. बाबांनी इतक्या शर्थीने धरलेली दांडी आईने एका वाक्यात सोडायला लावली. मला दाराजवळचा पलंग मिळाला.

पुढे कधीतरी वाचलं की राष्ट्रीय बांधकाम संहितेत हॉस्टेलच्या एकट्याच्या खोलीला किमान साडेसात चौरस मीटर जागा धरली आहे. साधारण ऐंशी चौरस फूट. त्या हिशेबाने आमच्या खोलीत दीड मुलगी मावली असती.

अडचण मात्र मला कधी वाटली नाही, हे खरं. आर्वीच्या घरात 'माझा पलंग' अशी वस्तूच नव्हती. उन्हाळ्यात अंगणात पाणी शिंपडून बाजा टाकायच्या. ज्याला आधी झोप आली त्याची बाज. रात्री वारं सुटलं, चार थेंब आले, की अर्धवट झोपेतली पोरं उचलून आत टाकत, आणि सकाळी आपण कोणाच्या तरी आत्याच्या कुशीत, कोणाच्या तरी गोधडीत. आजीची बाज तेवढी वेगळी. सैल झाली की बाबा पायथ्याची दोरी ओढून आवळून द्यायचे, आणि मग आजी त्यावर बसून, एकदा उठून, पुन्हा बसून बघायची. तिचा हेवा वाटायचा मला. घरात एवढी माणसं, पण आपल्या मापाचा झोल असलेली ती एकटीच.

तर पलंग. सहा बाय अडीच, पंधरा चौरस फूट. कमरेखालची एक पट्टी तुटलेली, तिथे मी पेपरच्या घड्या घालत असे. डोक्याकडच्या पाइपवर हिरव्या रंगाखाली निळा, निळ्याखाली करडा, आणि करड्यात कोणीतरी पिनेने खरवडलेलं 'ऑर्गॅनिक' आणि पुढे एक शिवी. खाली कुलूप लावलेली ट्रंक, ट्रंकेत लाडवाचा डबा. दिवा मालवल्यावर तो आवाज न करता उघडायची कला पुढे आयुष्यात कशालाही उपयोगी पडली नाही.

ओव्हरसियर काकांचा नकाशा दसऱ्यापर्यंतही टिकला नाही. पावसाची झड थेट खिडकीतून आत, त्यामुळे ज्या पलंगासाठी बाप झुंजले तो पोरींनी ओढून मधोमध आणला. डिसेंबरात उन्हाच्या पट्ट्यासाठी पुन्हा खिडकीशी. आणि मार्चमध्ये कूलर आला, भाड्याचा, पत्र्याचा. नागपुरात खोली कशी लावायची हे शेवटी कूलरच ठरवतो. आर्किटेक्ट लोकांनी मनाला लावून घेऊ नये. पारा ४५ वर गेला की उत्तर-दक्षिण कोणाच्या लक्षात राहते? तिन्ही पलंग चिकटवून एक केला, डोकी कूलरकडे, पाय कुठे जायचे तिकडे जावोत. वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास, पंख्याची खडखड, आणि मध्यरात्री पाणी संपल्यावर "आता तुझी पाळी" यावरून झोपेतलं भांडण. माझे पंधरा चौरस फूट त्यात कधी गेले कळलं नाही. परीक्षा त्याच पलंगावर झाली म्हणायची.

यादी आडनावांप्रमाणे लागायची, तेव्हा प्रत्येक दारावर तीन आडनावं. समोरच्या खोलीतल्या एका मुलीच्या आईने पहिल्याच दिवशी दारावरची आडनावं वाचली. दोनदा वाचली. मग ती खाली रेक्टरबाईंकडे गेली आणि संध्याकाळपर्यंत त्या मुलीची गादी दुसऱ्या खोलीत. अर्जात कारण होतं, खोलीत हवा येत नाही. कोपऱ्यातली खोली, दोन खिडक्यांची. तिथे राहिलेल्या दोघी काही बोलल्या नाहीत, आम्हीही नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी केली, कारण त्याशिवाय पोरं शिकायला शहरात येऊच शकली नसती. पुढे आमच्या शेजारी अमरावतीला पंजाबराव देशमुखांनी श्रद्धानंद छात्रालयात सगळ्या जातींची मुलं एकत्र ठेवून दाखवली. आणि इतक्या वर्षांनंतर एक बाई आपल्या मुलीसाठी हवा शोधत होती.

ती यादी माझ्या आईनेही वाचली होती. बोट फिरवत, सावकाश. मग ती काही बोलली नाही आणि स्टेशन कुठे ते विचारू लागली. का बोलली नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही. आता विचारलं तर म्हणेल, मी तर उत्तर पाहून राहिले होते.