उंटासाठी केलेली जागा

आज बुद्धिबळ स्पर्धेची चौथी फेरी. काळी मोहरी. समोरच्यानं ई४ खेळताच मी सिसिलियन बचाव, आणि पाचव्या चालीला जी६. म्हणजे ड्रॅगन, सिसिलियनचाच एक प्रकार.

पहिल्या पंधरा चाली दोघांनी भराभर उरकल्या. त्यानं वजिराच्या बाजूला कॅसलिंग केलं, मी राजाच्या. हत्तीसाठी पट्टी मोकळी व्हावी म्हणून त्यानं एच-प्यादं दिलं, मी खाल्लं. इथवर सगळं पाठ. मग सोळावी चाल: मधला घोडा मागे, ई२ वर.

पोटात गोळा आला. १९७४ साली मॉस्कोत ग्रँडमास्टर कार्पोवनं ग्रँडमास्टर कोर्चनोईला याच चालीनंतर २७ व्या चालीला गुंडाळलं होतं. दिसायला भित्री चाल, पण ड्रॅगनवाल्यांचं लाडकं हत्यार बोथट करते. सी३ वरच्या घोड्यासाठी हत्ती द्यावा, तर दुसरा घोडा तो परत खातो आणि पांढऱ्याची प्यादी शाबूत राहतात.

कोर्चनोईनं तेव्हा वजीर ए५ ला नेला होता. त्याऐवजी काय करायचं ते मला माहीत होतं: हत्ती एफ८ वरून ई८ ला. पांढऱ्याचा उंट एच६ ला आला की आपला एच८ च्या कोपऱ्यात सरकवायचा, बदलायचा नाही. हत्ती एफ८ वरच असला तर तो उंटाच्या बदल्यात जातो, म्हणून आधी त्याला हलवायचं. ड्रॅगनमध्ये तो उंट म्हणजे राजाच्या डोक्यावरचं छप्पर.

हत्ती ई८ ला नेला. जरा दिमाखातच. त्यानं उंट एच६ ला आणला.

आणि मी तो खाल्ला.

घड्याळात पन्नास मिनिटं शिल्लक होती, त्यामुळे वेळेला दोष देता येत नाही. दोन उंट समोरासमोर दिसले आणि हात गेला, एवढंच. त्याचा वजीर एच६ वर येऊन बसला तेव्हा कान गरम झाले. मग जी-प्यादं पुढे, माझा घोडा एच५ ला, त्यावर हत्तीची आहुती. (ड्रॅगन खेळणारा मी, आहुती देणारा तो.) बाविसाव्या चालीला डाव सोडला.

नंतर बाहेर पट मांडून बसलो. मुलगा शांत स्वभावाचा. गाजावाजा न करता मोहरी मागे नेत सतराव्या चालीपाशी थांबला.

"इथं उंट कोपऱ्यात जाईल असं मला वाटलं होतं," तो म्हणाला. "नाहीतर तुम्ही हत्ती ई८ ला कशाला नेला?"

मी एच८ च्या रिकाम्या घराकडे बघत राहिलो.