'आमच्या बाबांच्या कागदावर मशीन एकच ओळ का छापतं?'

तुम्ही विचारलंत म्हणून. ईसीजीचं सॉफ्टवेअर लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली हे कळलं, की ज्याच्या घरी पेसमेकरचा पेशंट आहे तो हेच विचारतो. इतरांच्या ईसीजीवर चार-पाच ओळी, आमच्या बाबांच्या कागदावर नुसतं 'पेस्ड ऱ्हिदम, पुढील विश्लेषण नाही', म्हणजे ठोके पेसमेकरचे आहेत, बाकी काही सांगत नाही. एवढ्यावर हात झटकता?

झटकत नाही हो. पेसमेकरची स्पाइक, म्हणजे त्याच्या विजेच्या झटक्याची ईसीजीवर उमटणारी उभी रेघ, साधारण अर्ध्या मिलिसेकंदाची. मशीन सेकंदाला ५०० नमुने घेत असेल, तर दोन नमुन्यांत २ मिलिसेकंद जातात; स्पाइक मधल्यामध्ये निसटते. ती पकडायला वेगळी, जलद सोय करावी लागते. ती फार तिखट ठेवली तर विजेची खरखरही स्पाइक ठरते. बोथट ठेवली तर बायपोलर लीडची (विजेची दोन्ही टोकं हृदयातच असलेल्या पेसमेकरच्या तारेची) बारीक स्पाइक दिसतच नाही, आणि मशीन बिनदिक्कत 'लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक', म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूची विजेची वाट अडलीय, असं छापतं. उजव्या जवनिकेतून (हृदयाच्या खालच्या उजव्या कप्प्यातून) पेसिंग झालं की क्यूआरएस, म्हणजे ठोक्याची मोठी लाट, तसाच रुंद येतो, आणि त्याच्या लगेच पुढचा एसटीचा भाग त्याच्या उलट बाजूला सरकतो. अटॅकमध्येही एसटीच सरकतो. तेव्हा गप्प बसणं हाच प्रामाणिकपणा, असं मी मीटिंगमध्ये टेबल आपटून सांगायचो.

मग आत्याचं झालं. रात्री छातीत दुखायला लागलं, घामाने पदर भिजला. तालुक्याच्या गावी ईसीजी काढला. ड्यूटीवरच्या पोरसवदा डॉक्टरने ती ओळ वाचली आणि म्हणाला, "पेसमेकर मस्त चालतोय, आजी. पित्त असेल." गोळी देऊन घरी पाठवलं. आतेभावाने कागदाचा फोटो पाठवला, खाली लिहिलेलं, 'मशीनने वाईट काही लिहिलं नाहीये ना?' व्ही-२, व्ही-३मध्ये (छातीवरच्या दोन जागांच्या नोंदींत) क्यूआरएस खाली, आणि एसटीही खालीच. पेसिंगमध्ये तिथे तो वर हवा. असा ईसीजी असताना अटॅक कसा ओळखायचा याच्या, स्गारबोसा या डॉक्टरांच्या १९९६च्या निकषांत हे स्वच्छ लिहिलंय. मी फोनवर ओरडलो, त्यांनी गाडी काढून शहर गाठलं. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढलेलं होतं. आत्या वाचली. जो स्नायू गेला तो गेलाच.

"दादा, असली ओळ तूच लिहितोस ना?" आतेभावाने नंतर विचारलं. ते मशीन आमच्या कंपनीचं नव्हतं, हे मी लगेच सांगितलं. अजूनही सांगतो. पण आमच्या मशीननेही तेच छापलं असतं.

टेबल आपटणाऱ्या त्या मला आता विचारावंसं वाटतं : गप्प बसलास, पण तुझं गप्प बसणं 'नॉर्मल' म्हणून वाचलं जाईल हे तुला कोणी सांगितलं नव्हतं का? तो म्हणेल, वाचणाऱ्याची चूक. अर्धं मला पटतंही.

ऑफिसातली नवी पोरं म्हणतात, ते निकष सरळ कोडमध्ये घालू. घाला. पण बरेच अटॅक त्या निकषांत बसत नाहीत, आणि दोन्ही जवनिकांचं पेसिंग असेल तर क्यूआरएसचा आकारच बदलतो. अशा वेळी कागदावर 'निकष पूर्ण नाहीत' येईल, आणि तो डॉक्टर तेही वाचेल.