आधी परवानगी, मग कॅमेरा: ओटावातल्या इनुइट मुलांसोबतचा माझा अनुभव

मी मूळची सांगलीची. ध्वनिमुद्रण आणि संकलन पुण्यात शिकले, लग्नानंतर कॅनडात ओटावाला आले. इथल्या एका सामुदायिक केंद्रात इनुइट, म्हणजे कॅनडाच्या बर्फाळ उत्तरेतल्या मूळ रहिवाशांच्या, मुलामुलींची माध्यमकलेची कार्यशाळा सुरू होणार होती आणि त्यांना आवाजाचं काम येणारं माणूस हवं होतं. मानधन नव्हतं, जेवण होतं. आजवर केलेल्या कामांतलं हे काम मला सगळ्यात जवळचं आहे. ते कसं पार पडलं हे मराठीत लिहून ठेवावंसं वाटलं, म्हणून हा खटाटोप.

कॅनडाच्या उत्तर भागाबाहेर इनुइट लोकांची सगळ्यात मोठी वस्ती ओटावात आहे. उत्तरेतल्या नुनावुत प्रदेशात पंचवीस गावं आहेत, पण त्यांना जोडणारे रस्ते नाहीत. तिथल्या बाफिन बेटावरच्या माणसाला मोठं ऑपरेशन किंवा कॅन्सरचे उपचार हवे असतील तर विमानाने सुमारे २,००० किलोमीटर दक्षिणेला, ओटावात यावं लागतं. सोबत घरची माणसं येतात, त्यातली काही इथेच राहतात. शिकायलाही मुलं येतात. नुनावुत सिवुनिक्सावुत ही त्यांच्यासाठीची शिक्षणसंस्था इथे १९८५ पासून आहे.

आमच्या गटात त्यामुळे दोन प्रकारची मुलं होती. काही बाफिन बेटावरच्या इकालुइत, पॅंगनिर्टंगकडे वाढलेली, घरात इनुक्तितुत ही इनुइटांची भाषा बोलणारी. काही दक्षिणेतच, परक्या घरांत सांभाळली गेलेली. त्यांना भाषेतले मोजके शब्द येत होते आणि तेही मोठ्याने उच्चारायला ती बिचकत होती. एकमेकांशी बोलताना सगळेच इंग्रजीवर येत. पहिले काही आठवडे ही दरी बुजवण्यात गेले, आणि मला वाटतं तेच खरं काम होतं.

कार्यशाळा घेणाऱ्या ताई स्वतः इनुइट, बाफिन बेटावर वाढलेल्या, माहितीपट करणाऱ्या. त्यांनी सुरुवातीला कॅमेरे कपाटातून काढलेच नाहीत. जमिनीवर पुठ्ठा अंथरला, उलू नावाच्या अर्धगोल सुरीने गोठलेला ‘आर्क्टिक चार’ नावाचा मासा कापला आणि खाता खाता इग्लूलिक गावाची हकीगत सांगितली. सत्तरच्या दशकात उपग्रहावरून टीव्ही उत्तरेत पोचू लागला. इग्लूलिकने १९७५ मध्ये आणि पुन्हा १९७९ मध्ये मतदान करून तो नाकारला, कारण त्यावर त्यांच्या भाषेतलं काहीच नव्हतं. १९८१ मध्ये इनुइट ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन स्थापन झालं, आपल्या भाषेत कार्यक्रम होऊ लागले, त्यानंतरच गावाने टीव्ही घेतला. १९८१ मध्येच इग्लूलिकच्या झकारायस कुनुक यांनी आपली दगडातली कोरीव कामं मॉन्ट्रियलमध्ये विकून व्हिडिओ कॅमेरा आणला. १९९० मध्ये आणखी तिघांसोबत त्यांनी इसुमा ही चित्रपटसंस्था काढली, आणि २००१ मध्ये त्यांच्या ‘अतानार्जुआत’ या इनुक्तितुत चित्रपटाला कान महोत्सवात कॅमेरा द’ओर हा पहिल्या चित्रपटासाठीचा पुरस्कार मिळाला.

मुलांना त्या पुरस्काराचं फारसं काही वाटलं नाही. एका मुलाने मात्र विचारलं, “म्हणजे अख्खं गाव नाही म्हणू शकतं?” ताई म्हणाल्या, “गावही म्हणू शकतं आणि तूही.” आमचा सगळा प्रकल्प पुढे या एका वाक्यावर उभा राहिला.

विषय फोटोंमधून सापडला. विसाव्या शतकाच्या मध्यावर सरकारी लोक, छायाचित्रकार, मिशनरी यांनी उत्तरेत हजारो फोटो काढले. ते आज ओटावातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. फोटोग्राफरचं नाव असतं, जागा असते, साल असतं. फोटोतल्या माणसाचं नाव बहुतेक वेळा नसतं. नुसतं ‘एस्किमो बाई’ किंवा ‘स्थानिक मुलगा’. २००२ पासून अभिलेखागाराच्या ‘प्रोजेक्ट नेमिंग’ या उपक्रमात ही नावं शोधली जातात. त्याची सुरुवात नुनावुत सिवुनिक्सावुतच्या विद्यार्थ्यांसोबतच झाली होती: तरुण मुलांनी फोटो गावी न्यायचे, म्हाताऱ्या माणसांशेजारी बसून दाखवायचे, विचारायचे. आमच्या मुलांनी हेच करायचं ठरवलं, फक्त नाव लिहून न थांबता नाव सांगणाऱ्याचा आवाजही घ्यायचा.

नावाचं प्रकरण त्यांच्यासाठी किती नाजूक आहे हे मला तिथे कळलं. इनुइटांमध्ये आडनावाची पद्धत नव्हती. सरकारला नोंदी ठेवणं जड जाऊ लागलं, तेव्हा १९४० च्या दशकात प्रत्येकाला क्रमांकाचा एक गोल बिल्ला दिला गेला. पूर्वेकडच्यांच्या क्रमांकाआधी ई, पश्चिमेकडच्यांच्या डब्ल्यू. शाळेत, दवाखान्यात, दुकानाच्या वहीत तो क्रमांक. १९६८ ते १९७१ या काळात एब ओकपिक या इनुइट नेत्याने गावोगाव फिरून लोकांना आडनावं निवडायला लावली, तेव्हा कुठे बिल्ले मागे पडले. आमच्यातल्या एका मुलीच्या आजीला तो क्रमांक अजून पाठ आहे.

त्याआधीची रीत वेगळी. गेलेल्या माणसाचं नाव बाळाला देतात. आपल्याकडेही नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, पण इथे नावाबरोबर नातंही येतं. उपचारांसाठी ओटावात आलेल्या एक आजी आमच्याकडे येऊ लागल्या. दक्षिणेत वाढलेल्या एका मुलीला त्यांनी फोटो बघण्याआधीच विचारलं, “तुझं नाव कुणाचं?” तिला एवढंच माहीत होतं की तिच्या आईकडच्या कुणीतरी ते ठेवलं. आजींनी दोन-तीन प्रश्न विचारले, गाव विचारलं, आणि म्हणाल्या की हे माझ्या मावशीचं नाव. त्या दिवसापासून सत्तरी ओलांडलेल्या आजी त्या विशीतल्या मुलीला मावशी म्हणून हाक मारत आणि तिच्यासाठी चहा आधी ओतत. मुलीचं इनुक्तितुत त्यानंतर ज्या वेगाने सुधारलं, तसा वेग मी कुठल्या वर्गात पाहिलेला नाही.

आता माझ्या कामाबद्दल. इनुइट माणूस ‘हो’ म्हणायला भुवया उंचावतो, ‘नाही’ म्हणायला नाक मुरडतो. समोर बसलेल्याला हे पुरतं. हेडफोन लावून बसलेल्याला फक्त शांतता ऐकू येते. “ही तुमची बहीण का?” मग सहा सेकंद काहीच नाही. मग पुढचा प्रश्न. नुसत्या आवाजाचं काम करायचं हा आमचा मूळ बेत तिथेच मोडला आणि चेहऱ्यावर स्थिर कॅमेरा आला. संकलनात या शांततेचं काय करायचं यावर मुलांनी बराच वाद घातला. शेवटी एकही शांत जागा कापायची नाही असं ठरलं. माझ्या हाताला रिकामी जागा छाटायची सवय आहे, पण त्यांचा निर्णय मला मनापासून पटला. आजी विचार करतात तो वेळ त्यांचा आहे.

दोन मुली कंठगायन करत. दोघी समोरासमोर उभ्या राहून, एकमेकींचे दंड धरून, श्वास आत घेताना आणि सोडतानाही आवाज काढतात. एकीच्या आवाजामधल्या फटीत दुसरीचा आवाज बसतो. मिशनऱ्यांच्या काळात हे बऱ्याच ठिकाणी बंद पडलं होतं. दोघींना वेगळे माइक लावून काही उपयोग होत नाही, कारण अंतर वीतभराचंच असतं आणि दोन्ही माइकवर दोन्ही आवाज येतात. छातीच्या उंचीवर, बाजूला एकच स्टिरिओ माइक ठेवला तेव्हा बरोबर जमलं. हा खेळही आहे. जी आधी हसते किंवा जिचा दम तुटतो ती हरते. त्यामुळे प्रत्येक ध्वनिमुद्रण हसण्याने संपतं, आणि ते हसू शेवटपर्यंत ठेवायचं असतं.

कुलिक पेटवण्याच्या दिवशी तयारी जास्त लागली. दगडाचा हा अर्धचंद्राकृती दिवा, त्यात सीलची चरबी, आणि वातीला शेवाळ व आर्क्टिक कापूस. केंद्राच्या व्यवस्थापकांशी बोलून त्या खोलीपुरता धुराचा अलार्म बंद करून घेतला. कॅमेऱ्याचं स्वयंचलित एक्स्पोजर बंद केलं, नाहीतर ज्योत हलली की चेहरा उजळ-काळा होत राहतो. आजी काडीने ज्योत सारखी करत बोलत राहिल्या. इतर दिवसांपेक्षा त्या जास्त बोलल्या.

त्यातली एक आठवण आमच्याकडच्या सगळ्या सामग्रीत सगळ्यात जोरकस होती. ती ऐकताना मुलं रडली होती. पंधरवड्याने आजींना कच्चं संकलन दाखवलं. ती आठवण आली तेव्हा त्यांनी नाक मुरडलं. कारण दिलं नाही, कुणी विचारलं नाही. “म्हणजे अख्खं गाव नाही म्हणू शकतं?” विचारणाऱ्या मुलाने त्याच संध्याकाळी तो भाग काढला आणि त्याची मूळ फाइल आजींच्या हातात पेन ड्राइव्हवर दिली. आमच्याकडची प्रत पुसली. ती आठवण कशाबद्दल होती हे मी इथेही लिहिणार नाही.

गावाकडच्या कुटुंबांची परवानगी घेणं हा सगळ्यात सावकाश चाललेला टप्पा. उपग्रहाच्या इंटरनेटवरून मोठ्या फाइली जात नसत, म्हणून लहान आकाराच्या प्रती केल्या; काही तर इकालुइतला जाणाऱ्या ओळखीच्या माणसासोबत पाठवल्या. काही फोटोंतली माणसं हयात नाहीत, तिथे ज्यांना त्यांचं नाव मिळालंय त्यांनाही विचारलं. निधी देणाऱ्यांची मुदत उलटून चालली होती. ताईंनी मुदत वाढवून मागितली आणि स्पष्ट लिहिलं की परवानगीशिवाय एकही चेहरा पडद्यावर जाणार नाही. मुदत मिळाली.

सादरीकरणासाठी मुलांना काळी खोली नको होती. उन्हाळ्यात शिकारीच्या मुक्कामाला लावतात तसला पांढऱ्या कॅनव्हासचा तंबू त्यांनी दालनात उभारला. प्रेक्षक आत येऊन बसणार आणि फोटो बाहेरून कापडावर पडणार. कापडामागून प्रोजेक्टर टाकला की चित्र आतून उलटं दिसतं, म्हणून ते आधीच आरशासारखं फिरवून घ्यावं लागतं. आमच्या बाबतीत ही साधी तांत्रिक गोष्ट राहिली नाही. नावं इनुक्तितुत लिपीत लिहिलेली होती आणि त्या लिपीत अक्षर कुठल्या दिशेला तोंड करून आहे त्यावर स्वर ठरतो. कोनाचं टोक वर असेल तर पि, उजवीकडे असेल तर पु, डावीकडे असेल तर पा. अक्षरं उलटली तर माणसाचं नावच बदलणार. त्यामुळे प्रत्येक नाव तंबूत बसून, भाषा येणाऱ्या दोघांनी मोठ्याने वाचून तपासलं. शेजारी आजींची ‘मावशी’ बसली होती, तीही वाचत होती.

प्रदर्शन सुरू झालं तेव्हा पहिला दिवस फक्त इनुइट कुटुंबांसाठी ठेवला होता. बाहेरच्यांना दुसऱ्या दिवसापासून प्रवेश. तंबूत लहान मुलं लोळत होती, म्हातारी माणसं पडद्याकडे बोट दाखवून एकमेकांना दुरुस्त करत होती. एका आजोबांनी एका फोटोतलं नाव चुकीचं असल्याचं सांगितलं, दोन घरांत त्यावर बोलणं झालं, आणि रात्री आम्ही फाइल बदलली.

सगळ्या ध्वनिमुद्रणांची मूळ प्रत आता कुटुंबांकडे आहे. केंद्राकडे जे आहे ते त्यांच्या लेखी संमतीने आहे, आणि ती संमती कधीही मागे घेता येते. काही फोटोंतल्या माणसांची नावं अजून लागलेली नाहीत. त्यांचे छापील फोटो गटातला पॅंगनिर्टंगचा मुलगा या उन्हाळ्यात गावी घेऊन जाणार आहे. ध्वनिमुद्रक कसा वापरायचा हे तो माझ्याकडून शिकलाय, आणि त्याच्या बॅगेत जास्तीच्या बॅटऱ्या मी स्वतः भरल्या आहेत.