घर कोणी सोडायचं: मुलीने की आरोपीने?

पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) ज्या गुन्ह्यात आरोपी त्याच घरात राहतो, तिथे पोलिसांना 24 तासांत मुलीला बालकल्याण समितीपुढे (संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीपुढे) हजर करावं लागतं. तिला कुटुंबाच्या ताब्यातून काढायची गरज आहे का, हे समितीने 3 दिवसांत ठरवायचं, असं पोक्सो नियम 2020 मधला नियम 4 सांगतो. नियमात "गरज आहे का" असं विचारलंय. घाईत त्याचं "कुठल्या बालगृहात जागा आहे" होऊन बसतं.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने करावी: आज रात्री आरोपी कुठे झोपणार? तो कोठडीत असेल तर लगेचचा धोका कमी होतो, पण संपत नाही. जबाब फिरवायला लावणारी आजी किंवा काका त्याच घरात असू शकतात. तो मोकळा असेल तर आधी त्याला बाहेर काढता येतं का ते बघा. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 19 खाली न्यायदंडाधिकारी पुरुषाला राहतं घर सोडायचा आदेश देऊ शकतात.

"आई सक्षम आहे का" या प्रश्नातून काही हाती लागत नाही. आई रडली की गप्प बसली, हेही मोजमाप नव्हे. कळल्यापासून तिने काय केलं ते विचारा. मुलीला कुणाजवळ झोपवलं? आई कामावर गेल्यावर घरात कोण असतं? भाडं कोण भरतं? कमावणारा आरोपीच असेल तर लवकरच आईवर तडजोडीचा दबाव येऊ शकतो. हा पैशाचा प्रश्न आहे, त्यावर उपायही पैशाचाच हवा: मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बालसंरक्षण योजनेखाली प्रायोजकत्वाचे (मूल घरीच वाढावं म्हणून कुटुंबाला दिल्या जाणाऱ्या मदतीचे) दरमहा 4,000 रुपये मिळू शकतात. गरिबी हे मूल काढून घ्यायचं कारण होऊ शकत नाही.

मामाकडे ठेवायचं ठरलं तर ते घर प्रत्यक्ष पाहून या. आरोपीचं तिथे येणंजाणं आहे का? शाळा सुटणार का?

मुलीशी आई आणि पोलीस समोर नसताना बोला. "कुठे राहायचंय?" म्हटलं की आईला सोडायचं की नाही, हे तिलाच ठरवायला लावल्यासारखं होतं. "घरी भीती कधी वाटते, कोण जवळ असलं की बरं वाटतं?" असं विचारा आणि उत्तर तिच्याच शब्दांत लिहा. बालगृहात पाठवलेली मुलं अनेकदा ती शिक्षाच समजतात: सांगितलं म्हणून मला घराबाहेर काढलं. समितीला द्यायच्या अहवालात हा धोकाही लिहिलाच पाहिजे.

आणि धाकटी बहीण? तक्रार एकीची असते, पण त्याच खोलीत दुसरीही झोपते. तिचं नाव अहवालात नसतं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

समितीच्या आदेशात जामिनाचाही विचार हवा. आरोपी सुटला की सपोर्ट पर्सनने (समितीने मुलीच्या मदतीला नेमलेल्या व्यक्तीने) त्याच दिवशी समितीला कळवायचं आणि समितीने पुन्हा पहिल्या प्रश्नापासून तपासायचं, असं स्पष्ट लिहा.