सर्वांचा एकदम बंद

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने १४ ऑगस्ट २०२२ रोजी ग्रामसभेत ठरवले की, रोज संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजला की टीव्ही आणि मोबाइल बंद करायचे आणि साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. करोनाकाळात ऑनलाइन वर्गांसाठी मुलांच्या हाती आलेला मोबाइल शाळा भरू लागल्यावरही सुटेना, हे त्यामागचे कारण. सुरुवातीला पुरुषमंडळींनी थट्टा केली. पण आपणही मालिकांच्या आहारी गेलो आहोत हे मान्य करून बायकांनी बेत उचलून धरला.

या बेतातील खरी गोम मला दीड तासात नव्हे, तर सर्वांच्या एकदम बंद राहण्यात दिसते. एकाग्रतेचा विषय निघाला की आपण लगेच मनोनिग्रहाचे धडे देऊ लागतो, जणू समोरून येणाऱ्या संदेशांशी धाडणाऱ्याचा काही संबंधच नाही. मी घरी बसून भाषांतराची कामे करतो. एखादे लांबलचक कायदेशीर वाक्य अर्धे जुळवून झालेले असते आणि तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर टँकर कधी येणार यावरून जुंपते. मी उत्तर देत नाही, नुसते वाचतो. तरीही परत आल्यावर त्या वाक्यातला कर्ता पुन्हा शोधावा लागतो. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हेच मांडले आहे: एक काम अपुरे टाकून दुसऱ्याकडे वळले की लक्षाचा काही अंश पहिल्यातच रेंगाळतो. टँकरचा वाद तर स्वभावतःच अपुरा राहणारा!

फोन पालथा ठेवणे, सूचनांचे आवाज बंद करणे, हे सगळे ठीकच. परंतु उत्तर तत्काळ मिळावे ही अपेक्षा कायम असेपर्यंत गप्प बसलेल्या फोनचीही धास्ती वाटत राहते. म्हणून ज्यांची कामे मी करतो, त्या सर्वांना कळवून टाकले की सकाळी नऊ ते बारा मी संदेश पाहणार नाही, तातडीचे असेल तर सरळ फोन करावा. आश्चर्य म्हणजे फोन क्वचितच येतात. तातडीची म्हणून येणारी बहुतेक कामे बारापर्यंत सहज थांबू शकतात, असे दिसते. एक प्रकाशक मात्र अजूनही साडेनऊला नुसते प्रश्नचिन्ह पाठवतात.